डॉक्टर खेड्यात राहतो तो का?



या सदरातून आपण आजवर मुलांचे खाणेपिणे, वृद्धांची औषधे, घरखर्चाची तोंडमिळवणी अशा घरगुती विषयांवर बोलत आलो आहोत. आज घेतलेला विषय प्रथमदर्शनी आपणांस घरगुती वाटणार नाही. तो अहवालांतला, समित्यांच्या शिफारशींतला विषय आहे असेच आपण म्हणाल. परंतु माझ्या घरात तो शिरला तो टेलिफोनवाटे, आणि म्हणूनच तो येथे मांडावयास मला संकोच वाटत नाही.

काही महिन्यांपूर्वी एके रात्री खानापुराहून ताईचा फोन आला. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, येथे बेंगळूरमध्ये वैद्यकीचे शिक्षण घेते. अंतिम परीक्षा उत्तीर्ण होऊन तिची इंटर्नशिप संपत आली होती. प्रवेश घेताना तिने कॉलेजला एक करार लिहून दिला होता: पदवीनंतर एक वर्ष ग्रामीण भागातील एखाद्या रुग्णालयात काम करावयाचे, नाहीतर ठरलेली रक्कम भरावयाची. ताईचे म्हणणे थोडक्यात असे होते. "तुझे दाजी म्हणतात, पैसे भरून मोकळं होऊया. एक वर्ष गेलं म्हणजे पुढच्या परीक्षेचा अभ्यास गेला. आणि एकटी पोर, कुठल्या गावात राहणार? तू तिथंच आहेस. तुझं ऐकते ती. तू सांग."

मी "सांगतो" म्हटले. खरे सांगावयाचे तर मनातून मला ताईचेच पटले होते.

हे कबूल करताना मला थोडे ओशाळवाणे वाटते, कारण माझा व्यवसाय भाषांतराचा आहे. आरोग्यविषयक किती परिपत्रके, किती भाषणे आणि किती आवाहने मी आजवर मराठीत उतरविली याची मोजदाद नाही. 'तरुण डॉक्टरांनी ग्रामीण भागाकडे वळले पाहिजे' हे वाक्य तर मी इतक्या वेळा लिहिले आहे की ते आता डोक्यातून न येता थेट बोटांतूनच उतरते. या वाक्यातील तरुण डॉक्टर म्हणजे आपली भाची असू शकेल, ही गोष्ट मात्र त्या रात्रीपर्यंत माझ्या ध्यानी आली नव्हती.

पुढच्या रविवारी भाची जेवावयास आली. मी ताईचा निरोप जमेल तितक्या गोडीने सांगितला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाली, "मामा, डॉक्टर खेड्यात का जात नाहीत हे सगळेच विचारतात. पण जे जातात आणि तिथंच राहतात, ते का राहतात हे कुणी विचारतं का?"

मला उत्तर देता आले नाही. पुढचे काही आठवडे फावल्या वेळात मी याच प्रश्नाचा मागोवा घेत होतो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम प्रश्नाचा आकार पाहू. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली सांगितले की जगातील निम्मी लोकसंख्या खेड्यांत राहते, पण तिच्या वाट्याला एकूण डॉक्टरांपैकी पाव हिस्सादेखील येत नाही. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेनुसार दर शंभर माणसांतील जवळजवळ एकोणसत्तर खेड्यांतली. एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर सपाट प्रदेशात तीस हजार आणि डोंगराळ वा आदिवासी मुलखात वीस हजार लोकांचा भार असावा, असे सरकारी प्रमाण आहे. वीस हजार माणसांमागे एखाददुसरा डॉक्टर, आणि तोही रजेवर असला किंवा नेमलाच गेला नसला तर काय होते, हे खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडील जंगलपट्टीत पावसाळा काढलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. तेथे ओढ्यांना पूर आला की आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीतून रस्त्यापर्यंत वाहून आणावे लागते.

हा प्रश्न आपल्या राज्यकर्त्यांना उशिरा सुचला, असे म्हणता येणार नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीने आपला अहवाल दिला आणि भावी डॉक्टर हा समाजाचा वैद्य असावा, केवळ रुग्णाचा नव्हे, असे त्यात आग्रहाने मांडले. १९५२ पासून समाजविकास योजनेबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यावी अशी योजना निघाली आणि त्यासाठी फिरते दवाखानेही देण्यात आले. योजना चांगली होती. पण विद्यार्थी सकाळी गाडीतून खेड्यात जात आणि संध्याकाळी गाडीतूनच परतत असेल, तर त्याने जे पाहिले ते गाडीच्या खिडकीतून पाहिले, असेच म्हणावे लागेल.

आता भाचीच्या प्रश्नाकडे वळू. तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता असे नाही. छत्तीसगडमध्ये खेडोपाडी वर्षानुवर्षे टिकून राहिलेल्या डॉक्टरांना काही अभ्यासकांनी नेमके हेच विचारले आणि २०१० साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. उत्तरांत सेवाभाव होता, नाही असे नाही. पण त्याच्या बरोबरीने अगदी साध्या गोष्टी होत्या. कोणी त्याच मुलखात वाढलेला होता. कोणाचा नवरा किंवा बायको जवळच नोकरीला होती. कोणाला बरोबरीचे सहकारी मनासारखे मिळाले होते, तर कोणाचा गावकऱ्यांवर आणि गावकऱ्यांचा त्याच्यावर जीव जडला होता. हे वाचताना मला वाटले, मनुष्य कोठेही राहतो तो याच कारणांनी. मग खेड्यातल्या डॉक्टरापुरतेच आपण वेगळे, अधिक उदात्त कारण का शोधत बसतो?

पहिले कारण पाहावयास मला बेंगळूर सोडून जावे लागले नाही. शहराच्या पूर्वेस येमलूर म्हणून एक भाग आहे. आज तेथे काचेच्या इमारती आणि मोटारींची न संपणारी रांग दिसते, आणि बसमध्ये अडकलेला माणूस तेवढ्या वेळात दैनिकाची पुरवणी वाचून संपवू शकतो. पण काही दशकांपूर्वी हे एक खेडे होते. याच येमलूरमध्ये १९५० साली जन्मलेल्या एका मुलाचे वडील, तो बारा वर्षांचा असताना, वैद्यकीय मदत न मिळाल्यामुळे गेले. तो मुलगा पुढे बेंगळूर मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाला. त्याचे नाव डॉ. एच. सुदर्शन. चामराजनगर जिल्ह्यातील बिळिगिरिरंगन डोंगरात ते सोलिग आदिवासींमध्ये जाऊन राहिले, १९८१ साली त्यांनी विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र स्थापन केले, १९८६ मध्ये करुणा ट्रस्ट उभा केला, आणि १९९६ साली गुंबळ्ळी येथील सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्र ट्रस्टतर्फे चालवावयास घेतले. १९९४ मध्ये 'राइट लाइव्हलीहुड' हा आंतरराष्ट्रीय सन्मान त्यांना मिळाला. सन्मानाचे मला विशेष वाटत नाही, ते होतच असतात. विशेष वाटते ते गुंबळ्ळीचे. डोंगरातला डॉक्टर पुन्हा सरकारी केंद्राकडे वळतो आणि तेच नीट चालवून दाखवू म्हणतो, यात आपली वेगळी चूल न मांडण्याचा जो शहाणपणा आहे तो दुर्मिळ आहे.

ज्या मुलाने डॉक्टराची अनुपस्थिती घरात अनुभवली, त्याला खेडे हा शब्द कोशात पाहावा लागत नाही. आणि ही केवळ एका माणसाची कथा नव्हे. जगभरच्या अभ्यासांतून जी गोष्ट पुन्हापुन्हा आणि सर्वांत स्पष्टपणे दिसून आली ती हीच, की ग्रामीण भागात वाढलेला विद्यार्थी पुढे ग्रामीण भागात राहण्याचा संभव शहरात वाढलेल्यापेक्षा पुष्कळ अधिक असतो. नॉर्वेने आपल्या उत्तर टोकाला, ट्रोम्सो येथे विद्यापीठ उघडून १९७३ पासून तेथेच डॉक्टर शिकविले. मागाहून पाहिले तेव्हा तेथील निम्म्याहून अधिक पदवीधर त्या थंड, विरळ वस्तीच्या मुलखातच राहिले होते. आणि ज्यांचे बालपण तेथे गेले होते त्यांच्यापैकी तर शंभरांत ब्याऐंशी. जपानने १९७२ साली 'जिची' नावाचे एक वैद्यकीय विद्यालय स्थापन केले. तेथे देशाच्या प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडतात, त्यांचा खर्च उचलला जातो, आणि बदल्यात ते साधारण नऊ वर्षे आपापल्या प्रांतात काम करतात. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजाने १९७४ पासून ग्रामीण मुलखातली, खेड्यातच कुटुंबवैद्य होण्याची इच्छा असलेली मुले मुद्दाम निवडून घेतली. हे सारे देश आपल्याहून श्रीमंत. तेथेही डॉक्टर आपोआप खेड्याकडे गेला नाही. त्याला निवडावे लागले, आणि निवड झाली ती प्रवेशाच्या दारात.

येथे आपल्याकडील एक अडचण सांगितली पाहिजे. आपल्या प्रवेशाच्या दारात एकच माप आहे, परीक्षेचे गुण. त्या मापाने न्याय होतो हे खरे. वशिल्यापेक्षा ते शतपटीने बरे. पण ज्या शिकवणीवर्गात ते गुण तयार होतात ते शहरांत असतात, आणि खेड्यातला मुलगा त्या दारापर्यंत पोचेपर्यंत दोन-तीन वर्षे शहरात राहून पुष्कळसा शहरी झालेला असतो. महाराष्ट्रात सेवाग्रामच्या संस्थेने पूर्वी आपल्या प्रवेशपरीक्षेत गांधीविचारावरील एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवली होती. देशभर एकच प्रवेशपरीक्षा आल्यावर ती गेली. गांधीविचार पाठ करून गुण मिळविता येतात अशी कोणी थट्टा करील, आणि ती खोटी नाही. तरीपण 'तुला कशासाठी यायचे आहे' असे विचारणारे एक दार होते, तेही बंद झाले.

मग शहरात वाढलेल्या, भरपूर गुण मिळवून आलेल्या विद्यार्थ्याबाबत हात टेकावयाचे काय? तसे नाही, आणि सेवाग्रामचे उदाहरण येथेच उपयोगी पडते. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी कस्तुरबा रुग्णालयाच्या आधाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान सुरू केले. प्रवेश मिळालेला विद्यार्थी आरंभी काही दिवस आश्रमात राहतो. तेथे प्रार्थना, सफाई, श्रम सारे असते. नंतर पहिल्याच वर्षी एका खेड्यात शिबिर होते आणि प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपविली जातात. वर्गातली शवविच्छेदनाची जागा ठरते न ठरते तोच त्याला एका घराचा उंबरठा मिळतो. पुढली वर्षे तो त्याच घरात जात राहतो. त्या घरातली म्हातारी कोणत्या औषधाला का भिते, धाकटे मूल सारखे का खंगते, आणि डॉक्टराने सांगितलेले पथ्य पगाराच्या आधीच्या आठवड्यात का पाळले जात नाही, हे त्याला पुस्तकाच्या आधी कळू लागते. एवढेच नव्हे, तर या संस्थेने अनेक वर्षे असा नियम ठेवला होता की आपल्या पदवीधराला तेथे पदव्युत्तर शिक्षण हवे असेल तर त्याने आधी दोन वर्षे ग्रामीण भागातील एखाद्या सेवासंस्थेत काम केलेले असले पाहिजे. म्हणजे खेड्यातली वर्षे ही वाटेतली खोटी न ठरता तीच पुढची वाट होई. ताईच्या फोनमधले पहिले भय, 'एक वर्ष गेलं म्हणजे अभ्यास गेला', यावर इतके नेमके उत्तर मला दुसरे आढळले नाही.

बेंगळूरमध्ये अशाच विचाराने चाललेली संस्था म्हणजे १९६३ साली सुरू झालेले सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज. येथेही विद्यार्थ्यांना आरंभीच खेड्यात राहावयास नेतात. पण मला अधिक मनोवेधक वाटले ते मळ्ळूरचे प्रकरण. बेंगळूरच्या उत्तरेस, शिडलघट्ट तालुक्यात, मळ्ळूर हे गाव आहे; पूर्वी ते कोलार जिल्ह्यात होते, आता चिक्कबळ्ळापूर जिल्ह्यात मोडते. तेथे दूध उत्पादकांची सहकारी संस्था होती. १९७३ साली कॉलेजने आणि या संस्थेने मिळून आरोग्य केंद्र काढले. खर्चासाठी दुधाच्या दर लिटरमागे काही पैसे बाजूला ठेवले जात. बेंगळूरच्या घरांत सकाळी जे दूध येत होते त्यातला एक थेंब अशा रीतीने मळ्ळूरच्या डॉक्टराच्या वाट्याला जात होता. कॉलेजचे शिकाऊ डॉक्टर तेथे येऊन राहत. आता यातली खुबी पाहा. तो शिकाऊ डॉक्टर तेथे उपकार करावयास आलेला नसे. ज्यांनी पैसे दिले ते मालक समोर ओसरीवर बसलेले असत, आणि केंद्र उशिरा उघडले तर तसे विचारण्याचा त्यांना अधिकार असे. माझ्या मते माणसाला कामाची गोडी लागते ती अशाच ठिकाणी, जेथे कोणी त्याची वाट पाहतो आणि कोणी त्याला जाबही विचारतो.

अलीकडे राष्ट्रीय वैद्यक आयोगाने देशभरच्या विद्यार्थ्यांसाठी पहिल्या वर्षापासून 'कुटुंब दत्तक' योजना आणली आहे. सेवाग्रामला जे अर्धशतकापूर्वी सुचले ते सर्वांना लागू झाले, ही आनंदाचीच गोष्ट. भाषांतरकाराची एक तक्रार मात्र नोंदवितो. दत्तक कोण कोणाला घेतो? अठरा वर्षांचा मुलगा, ज्याला अजून स्वतःचा सदरा धड धुता येत नाही, तो पाच माणसांचे कुटुंब दत्तक घेतो म्हणणे हे भाषेला धरून नाही. भाची पहिल्या वर्षी ज्या घरात जात असे, तेथील आजीने तिला पहिल्या दिवशी रागीची मुद्दे कशी गिळावी हे शिकविले, कारण ती चावून खात होती. रक्तदाब मोजण्याचा कार्यक्रम त्यानंतर झाला. दत्तकविधान कोणाचे झाले ते आपणच ठरवा.

आता मराठी वाचकांना परिचित असलेल्या नावांकडे येऊ. जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, १९७०. हेमलकशाचे डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, १९७३. गडचिरोलीचे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग, १९८६. मेळघाटातील बैरागडचे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे. ही नावे आपण शाळेच्या निबंधांतून इतकी ऐकली आहेत की त्यांतील एक अगदी उघड गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. ही सारी नावे जोडीची आहेत. कुटुंबासाठी निघणाऱ्या मासिकात हे लिहिताना मला विशेष समाधान वाटते. यांतील कोणी एकट्याने कडा चढला नाही. ज्या घरात दोघांचे एकमत होते तेच घर तेथे टिकले. आरोळे दाम्पत्याने तर लग्नाच्या दिवशीच आपले आयुष्य खेड्यांतील उपेक्षितांसाठी देण्याचे ठरविले होते. आणि पाळेमुळे पाहू जाल तर रजनीकांत आरोळे हे राहुरीकडचे, अभय बंग वर्धा-सेवाग्रामच्या परिसरात वाढलेले, प्रकाश आमटे आनंदवनातले. म्हणजे नॉर्वेच्या आकड्यांत जे दिसले तेच येथेही दिसते.

बंगांच्या उदाहरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि हुशार विद्यार्थ्याला ती कळणे फार आवश्यक आहे. खेड्यात गेले की बुद्धीला गंज चढतो, अशी सर्वत्र समजूत आहे. बंग दाम्पत्याने गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील स्त्रियांची तपासणी केली आणि शंभरांत ब्याण्णव स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे त्यांना आढळले. १९८९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात ते छापून आले, तेव्हा दूरदूरच्या तज्ज्ञांचे डोळे उघडले. पुढे ३९ गावांत, गावच्याच बायकांना शिकवून, नवजात बालकांची काळजी घरी घेण्याची पद्धत त्यांनी बसविली. तिने तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले, आणि १९९९ मध्ये तेही 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. आज देशभर आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन तान्ह्या मुलांना पाहतात त्यामागे हे काम आहे. मोठ्या शहरातील रुग्णालयात हे प्रश्न दिसलेच नसते, कारण त्या स्त्रिया तेथवर पोचतच नव्हत्या.

तरीही या थोर मंडळींच्या कथा आपण ज्या रीतीने सांगतो तिच्याविषयी माझ्या मनात थोडी शंका आहे. आपण त्यांची संतचरित्रे करून टाकतो. परिणाम असा होतो की सामान्य विद्यार्थी ते वाचून डोळे पुसतो आणि 'हे काही आपले काम नव्हे' असे मनाशी म्हणून पुस्तक मिटतो. वीस हजार लोकांमागे एक आमटे मिळावा अशी व्यवस्था कोणत्याही देशाला करता येणार नाही. आपल्याला हवा आहे तो मध्यम प्रतीचा, सचोटीचा, महिन्यातून एकदा सिनेमा पाहू इच्छिणारा डॉक्टर, आणि त्याला तीन-चार वर्षे सुखाने राहता येईल अशी जागा.

आता कराराविषयी. सरकारी भाषेत त्याला बंधपत्र म्हणतात. आपल्या भाषेत बंध हा शब्द दोराचाही आहे आणि मायेचाही, हे मसुदा करणाऱ्याच्या मनात नसावे. कर्नाटकाने २०१२ साली वैद्यकीय पदवीधरांच्या सक्तीच्या सेवेचा कायदाच केला. तो अमलात यावयास काही वर्षे लागली, न्यायालयांतून वाद झाले, पुढे त्यात बदलही झाले. महाराष्ट्रातही सरकारी महाविद्यालयांतून शिकणाऱ्यांना बंधपत्र लिहून द्यावे लागते. सक्तीने माणूस जातो, पण राहत नाही, असा तिच्यावर आक्षेप आहे. तो बराचसा खरा आहे. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशीची बस पकडणारे डॉक्टर आपण पाहिले आहेत. पण मला दुसरीही बाजू दिसते. जो विद्यार्थी कधी खेड्यात गेलाच नसता त्याला त्या सक्तीने एक वर्ष तेथे नेले, आणि शंभरांतील पाच जणांना जरी तेथे आपले काम सापडले, तरी ते वर्ष फुकट गेले असे म्हणवत नाही. पैसे भरून सुटण्याची सोय मात्र मला खटकते. ज्याच्या बापाजवळ पैसे आहेत तो सुटतो आणि ज्याच्याजवळ नाहीत तो जातो. मग खेड्यात जाणे ही गरिबीची शिक्षा ठरते. सक्तीपेक्षा बक्षीस बरे असेही काही जण म्हणतात. सरकारी सेवेत राहून दुर्गम भागात काम करणाऱ्या डॉक्टराला पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत दर वर्षामागे दहा टक्के, आणि अधिकात अधिक तीस टक्के, जादा गुण देण्याची तरतूद नियमांत झाली. त्यामुळे काही डॉक्टर निश्चित गेले. बहुतेक पुस्तके घेऊन गेले आणि गुण घेऊन परतले. तरी मधल्या काळात त्या केंद्रात डॉक्टर होता, हेही कमी नव्हे.

एवढे सारे वाचल्यावर मी ताईला फोन केला. आधी जे सांगावयाचे ठरले होते ते मी सांगितले नाही. आकडेही सांगितले नाहीत; ताई आकड्यांना बधणारी नाही. मी तिला एवढेच विचारले, "बाबांना झोळीतून खाली आणलं होतं, ते साल कोणतं गं?" ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते तू आत्ता कशाला काढलंस?" आणि फोन ठेवून दिला. तीन दिवसांनी दाजींचा फोन आला. पैसे भरण्याचा विषय त्यांनी काढला नाही. भाचीला जेथे जावयाचे आहे ते गाव कोठे, बस कोणती, रुग्णालयात आणखी कोण आहेत, हे त्यांनी बारकाईने विचारून लिहून घेतले.

माझ्या भाचीला मोठेपणा देण्याचा माझा हेतू नाही. ती एक वर्षासाठी गेली आहे, पुढचे तिने काही ठरविलेले नाही, आणि सोबत परीक्षेची जाडजाड पुस्तकेही नेली आहेत. सेवेची भाषा तिच्या तोंडून मी कधी ऐकली नाही. "तिथं मला काम करायला मिळेल मामा, इथं मी नुसती बघत उभी असते," एवढेच ती म्हणाली होती. मोठ्या रुग्णालयात अनुभवी डॉक्टरांच्या पाठीमागे उभे राहून मान उंचावण्यापेक्षा लहान रुग्णालयात स्वतःच्या हाताने बाळंतपण करणे तिला अधिक मोलाचे वाटले. असे वाटणे हेही एक कारणच आहे, आणि ते अहवालांत मी क्वचितच वाचले.

दाजी तिला पोचवावयास गेले होते, मीही गेलो. रुग्णालय एका विश्वस्तसंस्थेचे, तीस खाटांचे, नीटनेटके. एक वयस्क सर्जन आणि त्यांच्या पत्नी, याही डॉक्टर, तेथे पुष्कळ वर्षे आहेत. त्यांनी आम्हांला जेवू घातले, आणि ताईने दिलेल्या लाडवांचा डबा त्यांच्याच घरी अर्धा रिकामा झाला. भाचीला दिलेले घर मात्र दोन वर्षे बंद होते. पाणी होते, वीज होती, भिंतीला ताजा चुना होता. मागच्या दाराला आतून कडी नव्हती. व्यवस्थापकांना विचारले तेव्हा, मागणी पाठविली आहे, असे उत्तर मिळाले. दाजींनी ते ऐकून घेतले, काही न बोलता पायात चपला सरकवल्या, आणि भर उन्हात तीन किलोमीटरवरच्या बाजारातून एक कडी, दोन कोयंडे, स्क्रू आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. लाकूड जुने आणि कठीण होते. आम्ही दोघांनी आळीपाळीने खटपट करून संध्याकाळपर्यंत ती बसविली. भाचीने दार तीन वेळा लावून उघडून पाहिले.

ताईचा हल्ली रोज रात्री मला फोन येतो. "कडी लावून झोपते ना रे ती?" असे ती मला विचारते, तिला विचारीत नाही. परवा मात्र वेगळी बातमी होती. मध्यरात्री कोणी दार ठोठावले म्हणून भाचीने ती कडी काढली. समोर एक माणूस, मागे बैलगाडी, गाडीत त्याची बायको अडलेली. पहाटे मुलगी झाली. बाळबाळंतीण सुखरूप आहेत.